पटल, भित्तिका आणि पडळ

प्रश्न असा आला आहे : मुलीनं प्राणीपेशीच्या आकृतीत बाहेरच्या कडेला 'पेशीभित्तिका' लिहिलं आणि तिचा गुण गेला, उत्तर 'पेशीपटल' हवं होतं. दोन्ही आवरणंच, मग फरक कसला? आणि 'पटल' हा जड शब्द कशाला, साधा 'पडदा' का नको?

भित्तिका म्हणजे भिंतच. संस्कृत 'भित्ति'वरूनच आपली 'भिंत' आली. वनस्पतीपेशीची ही भिंत सेल्युलोजची, ताठ. प्राणीपेशीला ती नसतेच, म्हणून गुण गेला. पटल मात्र प्रत्येक पेशीला असतं. वनस्पतीत ते भिंतीला आतून टेकलेलं असतं, त्यामुळे सहसा वेगळं दिसत नाही. वेगळं पाहायचंच असेल तर रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची जांभळी साल मिठाच्या दाट पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. पाणी बाहेर जातं, जांभळा ऐवज आक्रसून मधे गोळा होतो आणि भिंतींच्या षटकोनी चौकटी जागच्या जागी राहतात. त्या गोळ्याला वेढून असतं ते पटल. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तेही याच कारणानं.

आता शब्दाकडे. 'पटल' परका वाटला तरी घरातलाच आहे. डोळ्यावर 'पडळ' आलं म्हणतो ना, ते पटलाचंच रूप. दृष्टिपटल, श्वासपटल यांतही तोच. 'पडदा' फारसीतून आला आणि कानात छान रुळला. पण पडदा म्हटलं की टांगलेली, बाजूला सारता येणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. पटल सायीसारखं अंगालाच धरून असतं. आणि पेशीपटल खरोखरच स्निग्ध आहे : जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर, मेद रेणूंचे दोन थर, पाण्याशी जमणारी डोकी बाहेरच्या बाजूंना, पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत समोरासमोर. हे थर प्रवाही असतात आणि त्यांत प्रथिनं सरकत असतात, असं सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलं.

एके ठिकाणी मात्र 'पटल' अपुरा पडतो. डोळ्यावरचं पडळ नुसतं अडवतं. पेशीपटल निवड करतं. प्राणवायू सहज आत शिरतो, ग्लुकोजला वाहक प्रथिन लागतं, सोडियम तर ऊर्जा खर्चून बाहेर काढावं लागतं. म्हणून 'निवडक्षम पारपटल' अशी संज्ञा केली. बुबुळावरच्या पारदर्शक आवरणालाही 'पारपटल'च म्हणतात. तिथे प्रकाश पार होतो, इथे रेणू. तेव्हा उत्तर लिहिताना मुलीला 'निवडक्षम' गाळू देऊ नका.