ब्रॉयलरच्या (मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या) खाद्यात तेल घातलं तर वजन लवकर वाढतं का? तळणीचं तेल चालेल का?

तुमची ५०० पक्ष्यांची बॅच, खाद्य घरीच भरडता, आणि कुणीतरी सांगितलंय की क्विंटलमागे तीन किलो तेल ओतलं की माल चार दिवस आधी निघतो. वर ओळखीच्या हॉटेलातून तळणीचं तेल स्वस्तात मिळतंय. मी हा उद्योग करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेलाने वजन वाढतं, यात खोटं काही नाही. मक्यातून पक्ष्याला किलोमागे साधारण ३,३०० किलोकॅलरी मिळतात, सोयाबीन तेलातून ८,८०० च्या आसपास. शिवाय तेलामुळे खाद्य आतड्यातून सावकाश सरकतं, त्यामुळे बाकीचं अन्नही नीट पचतं. एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागतं ते प्रमाण) सुधारतो तो असा.

पण मी केलं काय, तयार फिनिशरवर (शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यावर) वरून तेल ओतलं. खाद्यात किलोला ३,००० किलोकॅलरी आणि २० टक्के प्रोटीन होतं. १०० किलोवर ३ किलो तेल पडल्यावर ऊर्जा गेली ३,१७० च्या घरात आणि प्रोटीन उतरलं १९.४ वर. तेलात प्रोटीन शून्य, हे डोक्यातच आलं नाही. त्यात ऊर्जा भरपूर मिळाली की पक्षी खाणं थोडं आवरतं घेतो (आजचा ब्रॉयलर खादाड, तरीही घेतो), म्हणजे प्रोटीन दोन्हीकडून घटलं. काट्यावर पक्षी छान दिसले. चिकनवाल्याने एक कापून पोट उघडलं तर आत मूठभर पिवळी चरबी. ती त्याने बोटांनी ओढून माझ्यासमोर बादलीत टाकली. "शेठ, हे गिऱ्हाईक घेत नाही, मग मी का वजनात घेऊ?" पुढच्या बॅचला भाव पाडूनच बोलला.

म्हणून तेल हिशेबात धरून घाला. वरच्याच खाद्यात ६ किलो मका कमी करून त्याजागी ३ किलो तेल आणि ३ किलो सोयापेंड घेतली, तर ऊर्जा ३,१३० च्या आसपास जाते आणि प्रोटीनही २०.८ वर चढतं. दोघांचं आपसातलं प्रमाण होतं तेच राहतं. लायसिन-मिथिओनिन (प्रोटीनचे घटक, खाद्यात वेगळे घालतो ते) त्याच मापात किंचित वाढवायचं.

पहिले दहा-बारा दिवस मात्र हात आखडता. पिल्लाच्या पोटात पित्त आणि चरबी पचवणारं लायपेज पुरेसं सुटत नाही. सोयाबीनसारखं पातळ तेल त्यातल्या त्यात पचतं. पाम तेल, जनावराची चरबी जड जाते. न पचलेली घट्ट चरबी खाद्यातल्या कॅल्शियमशी मिळून आतड्यात अक्षरशः साबण बनते आणि विष्ठेतून निघून जाते. तेल गेलं, कॅल्शियमही गेलं. शेडमध्ये बसून खाली अंथरलेलं तूस मुठीत घ्या, चिकट लागलं तर समजा काय चाललंय ते. मी प्री-स्टार्टरला (अगदी सुरुवातीच्या खाद्याला) १ टक्क्याच्या वर जात नाही, स्टार्टरला (त्यानंतरच्या) २, फिनिशरला ३.

एप्रिल-मेमध्ये तेलाचा खरा उपयोग होतो. चरबी पचवताना अंगात उष्णता कमी तयार होते, आणि उन्हात पक्षी कमी खातो तेव्हा थोडक्या घासात जास्त ऊर्जा जाते. तरी दुपारी फीडर वर उचलून ठेवायचे आणि पहाटे-संध्याकाळी खायला द्यायचं, हे सुटत नाहीच.

आता तळणीचं तेल. नको. एकदा मी तेलाचा डबा, तळणीचं नव्हे, चांगलंच तेल, ऐन उन्हाळ्यात पत्र्याखाली उघडा ठेवला आणि महिनाभराने वापरला. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं मान मागे टाकून उलटी पडायला लागली, पाय झाडायची. मला वाटलं राणीखेत (कोंबड्यांचा मानमोडी रोग). डॉक्टरांनी पोस्टमार्टेम केलं, लहान मेंदू मऊ पडलेला, त्यावर रक्ताचे ठिपके. त्यांचा पहिला प्रश्न, "तेल किती दिवसांचं आहे?" खवट तेल खाद्यातलं व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं, त्याचा हा आजार. मग पुन्हापुन्हा उकळलेल्या तेलाचं काय होत असेल? माणसांसाठीसुद्धा तेलातले पोलर घटक (तापवून तेल बिघडल्यावर तयार होणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम १ जुलै २०१८ पासून आहे. हॉटेलवाला तुम्हाला देतो ते बहुधा त्याच्याही पुढचं.

आणि जमवलेल्या तेलात काय मिसळलंय कोण बघतो? बेल्जियममध्ये १९९९ साली खाद्यासाठी गोळा केलेल्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं. अंडी उबेनात, पिल्लं मरू लागली, तपासात डायॉक्सिन हे विषारी रसायन सापडलं, आणि जूनच्या निवडणुकीत तिथलं सरकारही पडलं.

राईस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा कोंडा) वापरत असाल तर त्यात आधीच १२ ते १५ टक्के तेल असतं आणि ते काही दिवसांतच खवट होतं. ताजं मिळालं तरच घ्या, आणि तेवढं तेल हिशेबातून वजा करा.

मिसळताना तेल थेट ढिगावर ओतू नका, गोळे होतात. आधी पाच-दहा किलो मक्याच्या भरड्याला हाताने चोळा, मग तो सगळ्या मालात फिरवा. मूठ आवळून सोडल्यावर लाडू तसाच राहिला तर तेल जास्त झालंय. तुमच्या सोयापेंडेच्या पोत्यावर प्रोटीन किती लिहिलंय ते कळवा, ४५ की ४८, मग पूर्ण क्विंटलचा हिशेब मांडून देतो.