मशरूम थेरपी: 'उपचार' का 'चिकित्सा'?

प्रश्न आलाय की अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या मशरूम थेरपीला मराठीत 'उपचार' म्हणावं का 'चिकित्सा'. आधी एक सांगतो, 'अमेरिकेत नशेच्या मशरूमला परवानगी' हे वाक्य आता ऐकवत नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये तिथल्या मतदारांनी 'मेझर 109' हा कायदा मंजूर केला, त्यानुसार सायलोसायबिन (त्या मशरूममधलं नशा आणणारं द्रव्य) घरी नेता येत नाही, परवाना असलेल्या केंद्रातच घ्यायचं, वय किमान 21 हवं आणि असर उतरेपर्यंत एक प्रशिक्षित माणूस सोबत हवा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात तर ते अजून बंदीच्याच यादीत आहे. ह्याला मोकळं रान म्हणायचं?

आता 'उपचार'. औषधपाण्याचा अर्थ सगळ्यांना माहितीय, सोडा. मूळ बघा ना, उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे वावरणं, म्हणजे जवळ राहून केलेली सेवा! षोडशोपचार पूजेतले आसन, पाद्य, अर्घ्य, स्नान हे उपचारच, आणि तिथे रोगबिग काही नाही. गंमत म्हणजे 'थेरपी' ज्या ग्रीक क्रियापदातून आला त्याचा अर्थही सेवा करणं, आणि ते देवांच्या सेवेलाही वापरायचे! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत होतो.

'चिकित्सा'वाले म्हणतात उपचार शब्द पोकळ झालाय, 'निव्वळ उपचार म्हणून', 'औपचारिक' वगैरे. साफ चूक. मानसोपचारतज्ज्ञ म्हणताना कुणाला काही पोकळ वाटत नाही. उलट चिकित्सा म्हणजे मुळात जाणून घ्यायची इच्छा (व्याकरणवाले कित् असा वेगळा धातू मानतात, मला तो चित् चाच भाऊ वाटतो), म्हणजे आधी तपासणी, निदान. ओरेगनमध्ये निदान लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, सोबत बसणारा डॉक्टर असावा अशीही अट नाही, 120 तासांचं मूळ प्रशिक्षण, वर प्रॅक्टिकल आणि परीक्षा, कायद्यात त्याचं नाव फॅसिलिटेटर आणि येणारा क्लायंट, पेशंट नाही. जवळ बसायचं, सांभाळायचं. शब्दशः उपचार!

ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून खास मंजुरी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञच सायलोसायबिन देऊ शकतात, तेही इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी, तिथे खुशाल चिकित्सा म्हणा. पण फॅसिलिटेटरला कृपा करून 'सुविधाकार' म्हणू नका. 'परिचारक' हा शब्द आपल्याकडे आहे, त्याच चर् मधून आलेला, आणि परिचारिका तर आपण रोज म्हणतो.