पळण्याच्या बुटांचा पहिला जोड घेताना

आधी शर्यतीचे बूट डोक्यातून काढ. कार्बन प्लेटवाला (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेला) महागडा जोड तुला आत्ता नको. त्याचा फोम लवकर बसतो आणि सवय नसली की पोटऱ्या भरून येतात त्या वेगळ्याच. रोजच्या सरावाला एकच साधा, बऱ्यापैकी जाड सोलचा जोड घे.

दुकानात संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे फुगलेले असतात. पळताना घालतोस तेच मोजे ने. लेस बांधून उभा राहा: पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, टाच मात्र आत हलता कामा नये. मी पहिला जोड ऑफिसच्या बुटाच्या मापाने घेतला आणि सिंहगडाच्या उतारावर नख काळंनिळं करून घेतलं. ‘घालून घालून सैल होईल’ असं दुकानदार म्हणेलच. ऐकू नकोस.

पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाई टेकडीवर पळायला जाणार असशील तर खोल खाचांचा सोल बघ. डांबरी रस्त्याचे बूट मुरमावर सटकतात, पावसाळ्यात तर विचारूच नकोस.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर जोड बदल, वरून नवा दिसला तरी. आणि शर्यतीला कोरा जोड? अजिबात नाही. आधी त्यात दोन-तीनदा पळ, एकदा तरी लांब.