एसपीएफ ५० लावूनही त्वचा का भाजते?

प्रश्न : डोंगरातल्या भटकंतीला निघताना सकाळी एसपीएफ ५०चं सनस्क्रीन लावलं होतं. दिवसभर आभाळ होतं, वाराही गार होता. तरी संध्याकाळी मान, कान आणि पोटऱ्या लालभडक झाल्या. क्रीम नकली असेल का?

उत्तर : क्रीमवर संशय घेण्याआधी ते किती लावलं, ते आठवा. एसपीएफ म्हणजे क्रीम त्वचेला भाजण्यापासून किती वाचवतं, ते सांगणारा आकडा. तो ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत, त्यामुळे ५० हा आकडा डबीवरच राहतो. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला सुमारे ३५ मिलिलिटर क्रीम लागतं. चेहरा, मान आणि कान मिळून ५ मिलिलिटरचा एक चमचा, प्रत्येक हाताला एक, प्रत्येक पायाला एक, पोट-छातीला एक आणि पाठीला एक, असा हिशेब ठेवा. निघण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. घाम पुसला, पोहून आलात, तर दोन तासांची वाट पाहू नका. सॅकच्या पट्ट्यांखालचं क्रीमही घासून निघून जातं.

आभाळाने आणि गार वाऱ्याने तुम्हाला गाफील ठेवलं. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ते अंगाला जाणवत नाहीत. पातळ ढगांतून त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतात. शिवाय दर १००० मीटर चढाईमागे त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत किरण परतवतो. म्हणून बर्फात नाकाच्या आणि हनुवटीच्या खालची बाजूही भाजते आणि गॉगलशिवाय डोळ्यांना इजा होते.

५०हून मोठ्या एसपीएफच्या मागे लागू नका. नीट लावलेलं ३०चं क्रीम त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५०चं ९८ टक्के. खरा फरक कपड्यांनी पडतो. पुढे झापड असलेल्या टोपीत कान आणि मान उघडीच राहतात, म्हणून चारी बाजूंनी रुंद काठाची टोपी घ्या. सदरा पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा आणि घट्ट विणीचा हवा. कापड उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल, तर ते कामाचं नाही. पातळ सुती कापड भिजलं की आणखी कमी अडवतं. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल त्या वेळात विश्रांती सावलीत घ्या.

प्रश्न : भाजल्यावर लगेच काय करावं? बर्फ चोळला तर चालेल का?

उत्तर : बर्फ नको, आधीच दुखावलेल्या त्वचेला त्याने आणखी इजा होते. आधी उन्हातून बाहेर या. लाली पूर्ण दिसायला काही तास लागतात आणि त्रास १२ ते २४ तासांत सर्वांत जास्त होतो, त्यामुळे ‘थोडंसंच लाल आहे’ म्हणून पुढे चालत राहू नका. सावळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही. गरमपणा, त्वचेला बसलेला ताण आणि हात लावल्यावर होणारी आग यांवरून ओळखा.

गार पाण्यात भिजवलेलं कापड १०-१५ मिनिटं ठेवा, दिवसातून अनेकदा. त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा जेल लावा. तेल आणि टूथपेस्ट टाळा. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेनने सूजही उतरते, पण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, तसंच मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असल्यास ते घेऊ नका. फोड फोडू नयेत, ते झाकण जखमेला जंतूंपासून वाचवतं. फुटलाच तर साबण-पाण्याने हलकेच धुऊन न चिकटणारी पट्टी बांधा.

अंगाच्या मोठ्या भागावर फोड, ताप, थंडी, उलट्या, चक्कर किंवा गोंधळलेपणा यांपैकी काहीही असेल, तर भटकंती थांबवून डॉक्टर गाठा. तान्ह्या बाळाची त्वचा भाजली, तर यातलं एकही लक्षण दिसण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : प्रवासात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायला सांगितलं आहे. सोबत डास पळवणारं क्रीमही लावायचं आहे. काही अडचण?

उत्तर : डॉक्सिसायक्लिनमुळे त्वचा उन्हाला फार हळवी होते, थोड्या वेळातही भाजू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पूर्ण बाह्या, टोपी आणि यूव्हीए व यूव्हीबी हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार अडवणारं सनस्क्रीन वापरा. यूव्हीए किरण गाडीच्या बाजूच्या काचेतूनही येतात, त्यामुळे खिडकीशी बसतानाही हात झाका. सनस्क्रीन आधी लावा, ते सुकलं की वरून डासांचं क्रीम. दोन्ही एकत्र असलेली ट्यूब घेऊ नका, कारण सनस्क्रीन पुन्हापुन्हा लावावं लागतं आणि डासांचं औषध तितक्या वेळा लावायचं नसतं.