जोरात लूप मारणाऱ्यासमोर टेबल टेनिसमध्ये बचाव करून जिंकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की चार-पाच चेंडू चॉप करून (खालून कापत, उलट फिरकी म्हणजे बॅकस्पिन देऊन) परत देता, पण दणकून टॉपस्पिन (पुढे गरगरत येणारा चेंडू, म्हणजेच लूप) मारणारा समोर आला की गेम ११-४, ११-५ असा जातो, आणि क्लबातले सगळे ‘बचाव सोड, मारायला शीक’ म्हणतात.

मी ठाण्यात सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खेळतो, अधूनमधून व्हेटरन्स स्पर्धांतही. वय ४९, गुडघ्यांचं वय त्याहून दहा वर्षं जास्त. बॅकहँडला लाँग पिंपल्स (लांब दाण्यांचं रबर) लावून अठरा-एकोणीस वर्षं चॉपच करतोय. जिंकता येतं. पण नुसता चेंडू परत टाकून नाही. तसं केलंत तर तुम्ही समोरच्याला फुकटात सराव देताय.

मला हे उशिरा कळलं. आमच्याकडे इंजिनिअरिंगचा एक पोरगा आहे, फोरहँड लूप असा की चेंडू टेबलावर पडून फणा काढतो. त्याच्याकडून मी चार-पाच महिने सलग हरलो. मला वाटायचं, अजून एक चेंडू जास्त परत द्यायला हवा. एकदा बाकावर बसलेले एक जुने काका म्हणाले, “अरे, तुझा प्रत्येक चॉप एकसारखा आहे. तो डोळे मिटून मारेल.” खरं होतं. लूप मारणाऱ्याला जड चॉपचा त्रास होत नाही. पुढचा चॉप किती जड आहे हे कळलं नाही की त्रास होतो.

म्हणून पहिलं काम: एकाच हालचालीत दोन चॉप. एक भरपूर बॅकस्पिनचा, एक जवळजवळ विनास्पिनचा. जड चॉपला चेंडू बॅटच्या टोकाकडे लागू द्या, नेमका लागताना मनगट सोडा. मेलेल्या चॉपला हात तेवढाच फिरवा, पण चेंडू मुठीजवळ घ्या. तिथे बॅट सावकाश फिरते, त्यामुळे स्पिन कमी लागतो. मनगटाचा झटका चेंडू निघून गेल्यावर द्यायचा, म्हणजे थोडं नाटक. समोरच्याला दोन्ही वेळा हात तसाच दिसला पाहिजे.

मग त्याच्या चुका वाचा. त्याचा लूप जाळीत गेला, तर तुमचा चॉप त्याच्या अंदाजापेक्षा जड होता. टेबलाबाहेर गेला, तर अंदाजापेक्षा हलका. जाळीत घालवलेला माणूस पुढच्या वेळी हमखास जास्त उचलतो. तेव्हा मेलेला द्या, चेंडू मागच्या भिंतीवर. हे तीन-चार वेळा झालं की तो पूर्ण ताकदीने मारायचं सोडून आधी चेंडू सांभाळायला लागतो. गेम तिथे फिरतो. पोराबरोबर हे मी पहिल्यांदा जमवलं तेव्हा त्याने दोनदा आपलं रबर तपासून पाहिलं. चेंडूही बदलून मागितला.

लाँग पिंपल्स लावणार असाल (तुम्ही विचारलंय म्हणून) तर ते जादू नाही, एवढं आधी समजून घ्या. लांब दाणे वाकतात, चेंडूला पकडत नाहीत, त्यामुळे आलेला स्पिन बराचसा तसाच राहतो. त्याचा टॉपस्पिन तुमच्याकडून त्याला बॅकस्पिन होऊन मिळतो. जितका जोरात लूप, तितका जड चॉप. पण त्याने शहाणपणाने पुश केला (बॅकस्पिन देत चेंडू हळूच ढकलला) तर तुमच्याकडून फुसका, किंचित टॉपस्पिनचा चेंडू जातो, आणि समोरचा तो कानफटवतो. एक लूप, एक पुश, पुन्हा लूप असं खेळणारा भेटला की पिंपल्सवाल्याची पंचाईत. त्यावर उपाय बॅट फिरवणं: पुशला साधं रबर, लूपला पिंपल्स. टीव्ही बघताना बॅट बोटांत फिरवायची सवय लावा, घरचे ओरडतील. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याला बॅट दाखवावी लागते, रंग वेगळे असतात, त्यामुळे लपवाछपवी नाही. पण रॅली चालू असताना रंग बघायला वेळ कुणाला असतो? घासच नसलेले, फ्रिक्शनलेस लाँग पिंपल्स २००८ पासून बाद आहेत. कुणी जुनी बॅट स्वस्तात देत असेल तर घेऊ नका.

बचाव म्हणजे दोन मीटर मागे जाऊन चॉपच, असंही नाही. मनिका बत्राने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं ते बॅकहँडच्या लाँग पिंपल्सवर, पण ती टेबलाजवळ उभी राहून लय मोडते. २०२४मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानला आपल्या ऐहिका मुखर्जीने तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या चीनच्या सुन यिंगशाला हरवलं, तेही अशाच विचित्र रबराच्या जोरावर. आमच्यासारख्या गुडघ्यांना हा मार्ग बरा. शिवाय पुष्कळ क्लबहाउसांत टेबलामागे भिंत दीड मीटरवर असते, तिथे चॉप करायला जागाच नसते.

मागे जातच असाल तर चेंडू पडून खाली येऊ द्या, कंबर ते गुडघा यांच्या मध्ये घ्या, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यात टाका. टेबलाच्या मध्यावर पडलेला चॉप म्हणजे त्याला आहेर. कोपऱ्यांच्या मागे फार लागू नका. त्याच्या खेळत्या हाताच्या कोपरावर टाका. फोरहँड की बॅकहँड, हे ठरवण्यात त्याचे पाय अडकतात.

सर्व्हिस आखूड आणि खाली ठेवा, त्याला पहिला लूप आरामात मिळू देऊ नका. बास.

मात्र अधूनमधून मारावंच लागतं. २००३च्या पॅरिस विश्वविजेतेपद स्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक चॉप करत अंतिम फेरीपर्यंत गेला (ऑस्ट्रियाच्या श्लागरकडून हरला). त्याचे सामने बघा: बॅकहँडने चॉप, चॉप, चॉप, आणि चेंडू जरा उंच आला की लांबूनच फोरहँडचा दणका. तो दणका गेममध्ये दोनदा बसला तरी पुरतो, कारण मग समोरचा निवांत ड्रॉप शॉट टाकायला कचरतो. शिवाय दोघेही ढकलत बसलात आणि दहा मिनिटांत १८ गुण झाले नाहीत, तर एक्स्पेडाइट नियम लागतो: तुमची सर्व्हिस असेल आणि समोरच्याने १३ चेंडू परत दिले, तर गुण त्याचा. नुसता बचाव तिथे संपतो.

हा पावसाळा चालू आहे म्हणून सांगतो, साधं रबर दर दोन-तीन गुणांनी पुसा. दमट रबरावर चेंडू घसरतो आणि जड चॉपसुद्धा मेलेला जातो. तुम्ही फसवायला निघालेले, आणि फसता तुम्हीच.

पोरगा आता शहाणा झालाय. माझ्या पोटावर मारतो, कारण चॉप करणाऱ्याची सगळ्यात कमकुवत जागा तीच. त्यासाठी मी आधीच ठरवून ठेवलंय: मधला चेंडू आला की उजवा पाय मागे, अंग बाजूला, आणि फोरहँडनेच चॉप, काहीही झालं तरी. पाचात दोनदा वेळेवर जमतं. गेल्या आठवड्यात ३-२ ने हरलो, त्याच्या आधी ३-२ ने जिंकलो होतो.