गाडीचे प्रश्न : इलेक्ट्रिकचा पिकअप मसल कारला भारी कसा पडतो?

गेल्या अंकात अमेरिकन मसल कारवर, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दणकट पेट्रोल गाड्यांवर, लिहिलं होतं, १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून डॉजच्या हेलकॅटपर्यंत. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, की आवाज न करणारी इलेक्ट्रिक गाडी या राक्षसांना स्टार्टलाच कशी काय मागे टाकते. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, राग मानू नका.

प्रश्न : सर, टेस्ला मॉडेल एस प्लेड आणि डॉज चॅलेंजर हेलकॅटच्या ड्रॅग रेसचा (सरळ पट्टीवर उभ्या जागेवरून सुटायची शर्यत) व्हिडिओ बघितला. हिरवा लाइट लागला आणि टेस्ला गेलीसुद्धा, हेलकॅट अजून तिथेच टायर जाळतेय. टेस्ला तर दोन टनांच्या वर आहे ना? मग जड गाडी एवढी पटकन कशी सुटते? आम्हाला शिकवलेलं फोर्स भागिले मास इथे लागू होत नाही का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : लागू होतं, शंभर टक्के होतं, फक्त तो फोर्स येतो कुठून ते नीट बघायला हवं. इंजिन किंवा मोटर फक्त चाक फिरवते, गाडी पुढे जाते ती टायरने रस्ता मागे ढकलला म्हणून. टायरची जेवढी पकड तेवढाच जोर रस्त्यावर उतरतो, त्याच्या वरचा सगळा धूर होऊन जातो. रस्सीखेचीत दंडात कितीही ताकद असू दे, पाय घसरले की खेळ खलास, तसंच हे. आणि गंमत म्हणजे पकड वजनाबरोबर वाढते, म्हणजे गाडी जड तर तिची पकडही जास्त, त्यामुळे सुटण्याच्या त्या क्षणाला वजन समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी कटून जातं. (अगदी पूर्ण नाही कटत, भार वाढला तरी टायरची पकड बरोबर त्याच प्रमाणात वाढत नाही, जरा कमीच पडते, पण ढोबळ हिशोबाला चालतं.) शिवाय हेलकॅट तरी कुठे हलकी आहे, तीपण २००० किलोच्या घरात आहे आणि प्लेड साधारण २१६०.

आता हिशोब करून बघ. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. टायरची पकड वजनाएवढी, म्हणजे म्यू (घर्षणाचा गुणांक) १ धरला आणि चारही चाकं ढकलतायत असं धरलं, तर १०० ला पोचायला २७.८ भागिले ९.८, म्हणजे २.८ सेकंद लागणारच, मग इंजिन हजार हॉर्सपॉवरचं असो नाहीतर पाच हजारचं. दोन सेकंदात पोचायचं तर म्यू १.४ पाहिजे. म्हणजे या शर्यतीत पहिला अडथळा टायर आहे, पॉवरचा नंबर त्याच्या नंतर.

आणि इथेच हेलकॅट मार खाते. ७०७ हॉर्सपॉवर, सुपरचार्ज केलेलं, म्हणजे जादा हवा कोंबलेलं, ६.२ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन, पण सगळा जोर फक्त मागच्या दोन चाकांवर. गाडी सुटताना वजन मागे सरकतं हे खरं, तरी पुढच्या चाकांवर उरलेलं वजन ढकलायच्या कामात काही उपयोगाचं नाही. पहिल्या गियरमध्ये मागच्या चाकांवर जेवढा जोर येतो तो त्या टायरच्या पकडीच्या दुपटीहून जास्त भरतो. म्हणजे ड्रायव्हरने पाय दाबून धरला की चाक जागेवर फिरणार, आणि एकदा घसरायला लागलेला टायर न घसरणाऱ्या टायरपेक्षा कमीच खेचतो. प्लेडला तीन मोटर आहेत, एक पुढे, दोन मागे, त्यामुळे गाडीचं अख्खं वजन पकडीच्या कामाला लागतं.

दुसरी गोष्ट कंट्रोलची, आणि मला विचारशील तर खरी जादू इथे आहे. पेट्रोल गाडीत चाक घसरतंय हे कॉम्प्युटरला कळल्यावर तो थ्रॉटल मिटवतो, स्पार्क मागे घेतो, मग इंजिनचा, गियरबॉक्सचा, शाफ्टचा फिरता भार सावकाश आवरतो, तोपर्यंत टायरने आपलं काम करून टाकलेलं असतं. इलेक्ट्रिकमध्ये मोटरचा करंट काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो, त्यामुळे टायर सतत घसरण्याच्या अगदी काठावर ठेवता येतो. ‘इलेक्ट्रिकला शून्य आरपीएमपासून (मिनिटाला फेरे) पूर्ण टॉर्क (फिरवायचा जोर)’ हे वाक्य सगळे म्हणतात आणि ते बरोबरही आहे, पण हेलकॅटकडे टॉर्क कमी आहे असं अजिबात नाही, तो हवा तेवढाच हातात धरता येत नाही हे तिचं दुखणं आहे.

पकडच सगळं ठरवते याचा पुरावा हवा असेल तर झुरिकच्या विद्यार्थ्यांची गाडी बघ. २०२३ मध्ये तिथल्या एएमझेड टीमने स्वतः बनवलेली ‘मिथन’ नावाची इलेक्ट्रिक गाडी ०.९५६ सेकंदात १०० ला नेली. वजन साधारण १४० किलो, चार चाकांना चार मोटर, आणि गाडी जमिनीला चिकटून राहावी म्हणून खालची हवा खेचणारा फॅन. तुझ्यासारख्याच पोरांनी केलंय हे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

प्रश्न : मी बरीच वर्षं मिशिगनला आहे, इथले लोक अजून व्ही-८ वर जीव टाकतात. ऑफिसमधला एक जण म्हणतो की डॉज डीमन १७० शून्य ते ताशी ६० मैल १.६६ सेकंदात जाते आणि प्लेडला १.९९ लागतात, म्हणजे शेवटी पेट्रोलच जिंकलं. मला उत्तर देता आलं नाही.
— एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : त्याचे आकडे बरोबर आहेत, दोन्ही कंपन्यांनी तेच जाहीर केलेत. पण ते कुठल्या परिस्थितीत आले ते त्याला विचारा.

आधी दोन्ही आकड्यांमधली एक सवलत. अमेरिकेत ड्रॅग स्ट्रिपवर घड्याळ गाडी हलल्या हलल्या सुरू होत नाही, पुढचं चाक किरणाच्या रेषेतून बाहेर पडलं की सुरू होतं, म्हणजे सुमारे एक फूट फुकट, यालाच रोलआउट म्हणतात. या एका फुटात जवळजवळ पाव सेकंद वाचतो आणि घड्याळ सुरू होईपर्यंत गाडी चालू लागलेली असते. म्हणजे ‘शून्य ते ६०’ मधला शून्य खरा शून्य नाहीच. आपल्याकडे आणि युरोपात ० ते १०० साधारण अगदी उभ्या गाडीपासून मोजतात, म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नये.

आता डीमन १७०. ती १०२५ हॉर्सपॉवर देते ती ई-८५ (बहुतांश इथेनॉल असलेल्या) इंधनावर, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर ९००. मागे मिकी थॉम्प्सन कंपनीचे ड्रॅग रेडियल, म्हणजे शर्यतीचे जादा पकडीचे टायर, नावाला रस्त्यावर चालणारे. आणि १.६६ हा आकडा आलाय चिकट द्रव फवारून तयार केलेल्या पट्टीवर. अशा पट्टीवर तुम्ही चालून बघा, बुटाचा तळ चिकटतो आणि प्रत्येक पावलाला चर्र आवाज येतो. तिथे आधी पाण्याच्या डबक्यात मागची चाकं भिजवायची, पुढचे ब्रेक लॉक करून मागचे टायर धूर निघेपर्यंत फिरवायचे म्हणजे रबर तापतं, मग रेषेवर येऊन ट्रान्सब्रेक (गियरबॉक्स जागेवर अडकवणारा ब्रेक) लावायचा, इंजिन चढवून धरायचं, आणि लाइट लागला की स्टिअरिंगमागचं पॅडल सोडायचं. हे सगळं जमलं तर गाडी पाव मैल ८.९१ सेकंदात मारते, आणि हे खरंच अचाट आहे, मी मनापासून सलाम करतो. रस्त्यावर चालवायची परवानगी असलेल्या, फक्त मागची चाकं ओढणाऱ्या गाडीने असं करणं म्हणजे इंजिनिअरांनी रक्त आटवलेलं आहे.

प्लेडचा १.९९ पण लाड केलेल्या परिस्थितीतलाच आहे हं. मोटर ट्रेंड मासिकाने २०२१ मध्ये तपासलं तेव्हा तशाच चिकट पट्टीवर १.९८ आला, साध्या डांबरावर २.०७. पण फरक बघा ना, पट्टी बदलली तरी एक दशांशापेक्षा कमी फरक. त्या गाडीत तुम्हाला एवढंच करायचं असतं, ड्रॅग स्ट्रिप मोड लावा, बॅटरी-मोटर तयार व्हायला काही मिनिटं थांबा, गाडी पुढून खाली बसते, ब्रेक सोडा. ड्रायव्हरला काही येत नसलं तरी चालतं. तेव्हा ऑफिसातल्या भाऊंना सांगा, सर्वोत्तम दिवशी डीमन पुढे, आणि बाकीचे ३६४ दिवस, साध्या रस्त्यावर, साध्या ड्रायव्हरच्या हातात प्लेड पुढे. मला स्वतःला दुसरा आकडा जास्त खरा वाटतो.

प्रश्न : माझं गॅरेज आहे. इलेक्ट्रिकला गियरच नाहीत, मग वर स्पीडला ती दमत असेल ना? १०० च्या पुढे पेट्रोल गाडी धरत असेल असा माझा अंदाज.
— कोल्हापूर

उत्तर : अंदाज बरोबर आहे, हाताने काम केलेल्या माणसाचा आहे. मोटर जसजशी जोरात फिरते तसतसा तिच्यातच उलटा व्होल्टेज तयार होतो, तो बॅटरीच्या व्होल्टेजला भिडायला लागला की टॉर्क कमी करत न्यावा लागतो. त्यात गियर एकच, म्हणजे खाली टाकून जोर घ्यायची सोय नाही. सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गाड्या यामुळेच चालू गाडीच्या शर्यतीत, म्हणजे दोघी ८०-१०० वर असताना, चांगल्या व्ही-८ पुढे ढेपाळायच्या. पोर्शेने टायकानमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला दोन गियर दिले ते याचसाठी. टेस्लाने प्लेडमध्ये दुसरा रस्ता धरला, मोटरच्या रोटरवर कार्बन फायबरचं कवच चढवलं, म्हणजे २०,००० आरपीएमला रोटर स्वतःच्या जोराने फाकत नाही आणि वरपर्यंत पॉवर टिकते.

आणि अगदी वरच्या स्पीडला लढाई अजून चालूच आहे. ० ते ताशी ४०० किमी आणि परत ० हा प्रकार बघा. २०२३ मध्ये क्रोएशियाच्या इलेक्ट्रिक रिमॅक नेवेराने २९.९३ सेकंदात केला. २०२४ मध्ये स्वीडनच्या कोनिगसेग येस्को अ‍ॅब्सोल्यूटने २७.८३ मध्ये, आणि ही फक्त मागची चाकं ओढणारी, दोन टर्बोच्या व्ही-८ ची, साधारण १४०० किलोची गाडी. मग २०२५ मध्ये नेवेरा आर ने २५.७९. म्हणजे पकडीचा टप्पा ओलांडला, हवा कापायची वेळ आली, की हलकी आणि ताकदवान पेट्रोल गाडी पुन्हा मैदानात येते. २३०० किलोच्या नेवेराला तिथे पोचायला १९१४ हॉर्सपॉवर लागली हे विसरू नका.

प्रश्न : बॅटरी २० टक्क्यांवर असताना पण तेवढाच पिकअप मिळतो का?
— ठाणे

उत्तर : नाही. चार्ज उतरला की व्होल्टेज उतरतो, पॉवर कमी होते, आणि बॅटरी गार असेल किंवा फार तापली असेल तर गाडी स्वतःहून जोर आखडता घेते. चांगलं कूलिंग असेल तर फरक पडतो, पोर्शेने २०१९ मध्ये टायकान लागोपाठ २६ वेळा ० ते २०० पळवून दाखवली, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू फेरीत ०.८ सेकंदाचा फरक. पेट्रोलची टाकी मात्र निम्मी झाली की गाडी उलट हलकी होते, हा मुद्दा मसल कारवाल्यांनी जरूर मांडावा.

प्रश्न : आकडे राहू द्या हो. आवाज नाही, थरथर नाही, पेट्रोलचा वास नाही, मग कसली मसल कार? डॉजने चार्जर इलेक्ट्रिक केली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.
— नागपूर

उत्तर : मला पण वाटलं. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून डिसेंबर २०२३ मध्ये शेवटची चॅलेंजर बाहेर पडली तेव्हा एक पिढी संपली असंच वाटलं होतं. इलेक्ट्रिक चार्जर डेटोना स्कॅट पॅक ६७० हॉर्सपॉवरची आहे, ताशी ६० मैलांना ३.३ सेकंद, पण पाव मैलाला ११.५, म्हणजे जुन्या हेलकॅट रेडआयपेक्षा (हेलकॅटचीच जास्त ताकदीची आवृत्ती) मागे, कारण वजन २६०० किलोच्या वर. आवाजासाठी त्यात स्पीकर आणि पाइप बसवलेत, हेलकॅटएवढा मोठा आवाज करते म्हणे. माझं स्पष्ट मत, हा आवाज नको होता. इलेक्ट्रिक गाडीचा शांत झटका हीच तिची खरी मजा आहे, तिला व्ही-८ चा मुखवटा घालून दोन्हीकडचे लोक नाराज केले. डॉजने नंतर त्याच चार्जरमध्ये सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिनही आणलं. तिकडे शेव्हरोलेने कॉर्वेट झेडआर१एक्स मध्ये मागे १०६४ हॉर्सपॉवरचं व्ही-८ आणि पुढच्या चाकांना इलेक्ट्रिक मोटर दिली, आवाजही राहिला, चारही चाकांची पकडही मिळाली. तुमच्यासारख्यांनी तिच्याकडे डोळे लावावेत असं मी म्हणेन.

प्रश्न : नुकतीच बीवायडी सील परफॉर्मन्स घेतली, ० ते १०० ला ३.८ सेकंद. हे कुठे करून बघता येईल? एक्सप्रेसवेवर पहाटे रिकामं असतं.
— पुणे

उत्तर : एक्सप्रेसवेवर नाही, पहाटे तर नाहीच, तिथे अंधारात बंद पडलेले ट्रक उभे असतात आणि लेन कापणारा कुत्रा तुमचे ३.८ सेकंद मोजत बसत नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झालेल्या आहेत, अशी बंद जागा, अ‍ॅम्ब्युलन्स आणि मार्शल असलेला इव्हेंट शोधा, फी भरा आणि मनसोक्त दाबा. देशात काय होऊ शकतं ते बघायचं तर इंदूरजवळच्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर महिंद्राच्याच घरातल्या पिनिनफरिना बॅटिस्टाने पाव मैल ८.५५ सेकंदात मारलाय.

जायच्या आधी टायरची हवा गार असताना तपासा, चार्ज ८० च्या वर ठेवा, डॅशबोर्डवरचा मोबाइल आणि मागच्या सीटवरची पाण्याची बाटली काढा, आणि शेजारी बसणाऱ्याला डोकं आधीच हेडरेस्टला टेकवायला सांगा. पावसाळ्यात करू नका, ओल्या रस्त्यावर पकड बरीच उतरते, गाडीचा कॉम्प्युटर तिला सरळ ठेवेल पण पुढे थांबायला लागणारं अंतर तो कमी करू शकत नाही. वेळ मोजायला जीपीएसवर चालणारं यंत्र लावा, स्पीडोमीटरच्या काट्यावर जाऊ नका, तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. आकडा आला की कळवा, रोलआउटसकट की रोलआउटशिवाय तेही लिहा.