टाकीतला गंज

प्रश्न : जुनी येझदी मोटारसायकल दोन पावसाळे शेडमध्ये उभी होती. टाकीतून तांबडी भुकटी येते, कार्बोरेटर सारखा चोंदतो. टाकी कापून साफ करावी का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : कापू नका. पेट्रोल काढून टाकी साबणाच्या पाण्याने धुवा. पेट्रोलचा कॉक (तोटी) काढून भोकाला रबरी बूच लावा. लिटरमागे 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून काठोकाठ भरा; अर्धवट भरली तर वरचा गंज तसाच राहतो. रात्रभरानंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावरच हेअर ड्रायरने वाळवा. रेंगाळू नका, गोव्याच्या दमट हवेत उघडा पत्रा बघता बघता तांबूस होतो. शेवटी टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) आत फिरवा. गॅरेजवाले संडास धुवायचे ॲसिड सुचवतील. ते चांगला पत्राही खाते. गंज निघाल्यावर बारीक छिद्रे उघडी पडली, तर मात्र डाग देणाऱ्याकडे जावेच लागेल.